दंडावरचा सेन्सर आणि ताटातली भाकरी

एचबीए१सी (रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.१ आला तेव्हा खरं सांगायचं तर मला फार काही वाटलं नाही, कारण आमच्या ऑफिसात (अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचं युनिट, मी अकाउंट्सला) चाळिशी ओलांडलेल्या माणसांचा कुठला ना कुठला आकडा वर असतोच. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ झालं की डायबेटिस, तुम्ही उंबरठ्यावर आहात, गोळी आत्ता नको, आधी खाणं सुधारा. सुधारा म्हणजे नेमकं काय करू विचारलं तर हातात एक झेरॉक्स मिळाली, त्यात साखर, भात, बटाटा, मैदा यांच्यावर फुली आणि ज्वारीसमोर बरोबरची खूण. झालं, एवढंच.

आता सोलापूरच्या माणसाला ज्वारी खा हे सांगायला डॉक्टर लागतो का? आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरीच असते, तीही मालदांडी ज्वारीची, मामा मंगळवेढ्याकडनं पोती पाठवतात. भाकऱ्या खाऊन खाऊनच तर ६.१ झाला! मग झेरॉक्सवरच्या त्या खुणेचा अर्थ काय लावायचा?

बरं, कुणाला सांगितलं की सल्ले सुरू. शेजारचे काका म्हणले गूळ खा, गूळ चालतो. चुलतभाऊ म्हणला फळं सोड. जिममध्ये जाणारा एक ज्युनिअर म्हणला सर कार्ब्स झीरो करा, कीटो करा. मला कळेना की पोळी, भाकरी, साखर, डाळिंब, मटकी, दूध हे सगळं एकाच 'कार्ब्स'मध्ये टाकून लोक एवढ्या खात्रीनं कसं काय बोलतात. शेवटी मी डॉक्टरांनाच म्हणलं की मला माझं बघायचंय, आणि त्यांनी सीजीएमबद्दल सांगितलं. दोन आठवडे चालणारा सेन्सर, दंडावर लावायचा, मोबाईलवर शुगरचा ग्राफ दिसतो. स्वस्त नाही, पण वर्षातनं एकदा बाहेरगावी फिरायला जातो त्यापेक्षा कमीच म्हणून घेतला.

दिसायला मोठ्या नाण्याएवढा असतो. दंडाच्या मागच्या बाजूला तो ठोकळा धरून दाबला की खट्कन आवाज येतो, केसासारखी एक बारीक तार कातडीखाली जाते, दुखत काहीच नाही. एक गोष्ट आधीच सांगतो कारण मला कुणी सांगितली नव्हती. हा रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या अधेमधे असलेल्या पाण्यातली मोजतो, त्यामुळं रक्तापेक्षा पाच-पंधरा मिनिटं मागं चालतो. पहिल्या दिवशीचे आकडे थोडे वेडेवाकडे येतात ते मनावर घ्यायचे नाहीत. आणि त्या कुशीवर झोपलं की दाब पडून खोटा लो (शुगर घसरल्याचं) दाखवतो. आमच्याकडं रात्री अडीचला अलार्म वाजला, ५८! बायको वाटीत साखर घेऊन उभी, "अहो उठा, उठा, आधी हे तोंडात टाका." ग्लुकोमीटरनं बोटाचं रक्त बघितलं तर ९७. मी कूस बदलून झोपलो, तिला मात्र पहाटेपर्यंत झोप नाही.

दिवस जानेवारीचे होते, म्हणजे हुरडा, भोगी, संक्रांत, गड्डा (आमची सिद्धेश्वरांची यात्रा) सगळं त्यातच. प्रयोगाला याहून चांगला महिना सोलापुरात नाही.

आता भाकरी. आई भाकरीला ऊन पाण्यातच पीठ मळते, ज्वारीत ग्लुटेन नसतं ना, त्यामुळं गव्हासारखा चिकटपणा आपोआप येत नाही, गरम पाण्यानं पिठातला थोडा स्टार्च फुलतो आणि त्यानंच भाकरी धरून राहते. परातीत तळव्यानं रगडून रगडून मळायचं, मग थापायचं, तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात फिरवायचा आणि मग आरावर फुगवायची (आता गॅसवर). हे आयुष्यभर बघत आलोय, पण मळणं, फुलवणं, भाजणं या प्रत्येक पायरीला स्टार्च पचायला सोपा होत जातोय हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

स्टार्च म्हणजे शेवटी ग्लुकोजच्याच लांब माळा. एक सरळ माळ, तिला अमायलोज म्हणतात, आणि एक फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. फांद्यावालीला टोकं जास्त, त्यामुळं एन्झाइम (अन्न तोडून पचवणारे पाचक रस) एकाच वेळी खूप ठिकाणी तोडतात आणि ग्लुकोज भराभर सुटतं. हे काम तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होतं. कच्च्या दाण्यात हा सगळा माल घट्ट कणांमध्ये बांधलेला असतो, वर ज्वारीत काफिरिन नावाचं प्रथिन त्या कणांभोवती असतं जे शिजवल्यावर अजून घट्ट होतं, म्हणून ज्वारी थोडी हळू पचते असं म्हणतात. पण गिरणीत बारीक दळून आणलं की त्यातली बरीच तटबंदी आपण आधीच पाडलेली असते.

नुसत्या थिअरीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून एकाच ज्वारीची वेगवेगळी रूपं खाऊन बघितली. दोन भाकऱ्या, गवारीची भाजी आणि शेंगाची चटणी, वरनं कच्चा कांदा, हे आमचं रोजचं जेवण, ग्राफ १५० च्या आसपास जाऊन हळूहळू उतरला. तेवढ्याच दोन भाकऱ्या दुधात कुस्करून थोडा गूळ घालून खाल्ल्या, लहानपणीचा आवडता काला, तर १७८ आणि चढ एकदम उभा. आणि मग कण्या. ज्वारी जाडसर भरडून शिजवलेल्या, ताक-मीठ घालून, आमच्या आजीच्या काळात रोज असायच्या, आता घरात कुणी करत नाही कारण "गरिबाचं खाणं". साधारण तेवढीच ज्वारी, पण रेषा १३२ च्या वर गेलीच नाही. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तसंच. दाणा जाडसर राहिला की एन्झाइमला आत शिरायला वेळ लागतो, शिवाय ताकाच्या आंबटपणानं पोट सावकाश रिकामं होतं. शेत तेच, पोतं तेच, खाणारा तोच, आणि आकड्यात पंचेचाळीसच्या वर फरक.

आई हे सगळं बघत होती. म्हणली, "आमचे सासरे चार-चार भाकरी खायचे, त्यांना कुठं झाली रं शुगर?" हा प्रश्न मी डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. ते हसले आणि म्हणाले आजोबा दुपारी काय करायचे ते सांगा. आजोबा दुपारी औत हाकायचे. मी दुपारी टॅली उघडून बसतो.

याचा पुरावा यात्रेत मिळाला, तोही अगदी न ठरवता. सिद्धेश्वरांच्या यात्रेत पहिल्या दिवशी नंदीध्वज निघतात, साती काठ्या, मानकरी बाराबंदीत, हिरेहब्बू वाड्यापासनं सुरू होऊन ६८ लिंगांना तैलाभिषेक करत अख्खं गाव फिरतात. मी दरवर्षी जमेल तेवढं मागं चालतो. त्या दिवशी सकाळी भरपेट खाऊन निघालो होतो, वाटेत प्रसाद, केळं, कुणीतरी दिलेला चहा, सगळं पोटात गेलं. मधे एका ओट्यावर बसून मोबाईल काढला तर रेषा ११० ला सपाट. ॲप बिघडलं असं वाटलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं की स्नायू काम करत असताना इन्सुलिनची वाट बघत नाहीत, ते स्वतःच रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. आणि ओढून घ्यायला स्नायूंची कोठी पण मोठी, ग्लायकोजेनच्या रूपात लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम मावतं तर सगळ्या स्नायूंत मिळून त्याच्या चौपट. ती कोठी कधी रिकामीच केली नाही तर नवीन माल ठेवणार कुठं? दुसऱ्या आठवड्यात मी जेवल्यावर नुसता पंधरा मिनिटं कॉलनीत चालायला लागलो आणि भाकरीचा १५० चा डोंगर १३५ वर आला. भाकरीला हातही लावला नव्हता.

ऑफिसातला माझा मित्र पूर्व भागातला, घरी तेलुगू, तीन वेळा भात. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काय बे, दंडाला काय चिकटवलास?" सगळं ऐकून म्हणला मग भाताचं बघ की, तुम्ही लोक उगंच भाताला शिव्या देता. त्याच्या डब्यातला गरम भात पप्पूबरोबर (डाळ हो, त्यांच्यात पप्पू म्हणतात) खाल्ला, १६५. आदल्या रात्रीचा फ्रिजमधला भात गरम करून तेवढ्याच डाळीबरोबर खाल्ला तर १४८. भात थंड झाला की स्टार्चच्या सुटलेल्या माळा परत एकमेकींना चिकटतात आणि त्यातला काही भाग लहान आतड्यात पचतच नाही, याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. तो पुढं मोठ्या आतड्यात जातो, तिथले बॅक्टेरिया तो खातात आणि त्यातनं ब्युटिरेटसारखी ॲसिड तयार होतात जी आतड्याच्या पेशींनाच खायला मिळतात. फायबरचंही बरंचसं काम असंच चालतं. मटकी-हुलग्यानं गॅस होतो तोही याच बॅक्टेरियांचा कारभार, डाळी-कडधान्यात अशा काही साखरा असतात ज्या तोडायला आपल्याकडं एन्झाइमच नाही, त्यांच्याकडं आहे. म्हणजे माणसाला न पचलेलं सगळंच वाया जातं असं नाही.

यावरनं मला वाटलं मग कडक भाकरी तर एक नंबर असणार, भाजून वाळवून दिवसेंदिवस ठेवलेली, थंडगार. पण कडक भाकरी पापडासारखी पातळ, आमटीत चुरून खाताना किती गेल्या पोटात हे मोजतं कोण, आणि चुरली की चावायचं कामच उरत नाही. ग्राफ साध्या भाकरीसारखाच आला. दह्या-चटणीबरोबर मोजून खाल्ली त्या दिवशी बरा आला. त्यामुळं कडक भाकरी शुगरला चांगली असं जे दुकानदार सांगतात त्याकडं मी फारसं लक्ष देत नाही. चवीला मात्र तोड नाही, त्यात वाद नाही.

हुरड्याचं मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं. मोहोळ साइडला एकाच्या शेतात गेलो होतो, गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून हातावर चोळून गरम गरम. गूळभेंडी जातीच्या ज्वारीचा हुरडा गोड लागतो कारण दाणा अजून दुधात असतो, साखरेचा स्टार्च व्हायचं काम अर्धवट राहिलेलं असतं. हुरडा, शेंगाची चटणी, दही, इथपर्यंत रेषा शहाण्यासारखी. मग गूळ आला, मग बोरं, मग परत येताना रसवंती.

गुळाबद्दल एकदाच स्पष्ट लिहितो. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच, साखरेसारखाच, थोडे खनिजांचे कण असतात पण तेवढ्यासाठी गूळ खायचा तर किलोनं खावा लागेल. माझ्या ग्राफनं साखर आणि गूळ यात फरक केला नाही. आमच्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, ऊस बघतच मोठे झालो, त्यामुळं हे लिहिताना जरा जड जातंय, पण एका ग्लास रसात २५-३० ग्रॅम साखर आरामात असते, आणि डब्ल्यूएचओ म्हणतं की वरनं घातलेली आणि रसातली मिळून साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत जमलं तर उत्तम (२००० कॅलरीच्या हिशोबानं). म्हणजे एका ग्लासात तो २५ चा कोटा संपला. रसवंतीनंतरचा आकडा १९०. डाळिंबाचं उलट. सोलापूरचं डाळिंब, दाणे चावून खाल्ले तर १२५ च्या आसपास. ज्यूस काढून प्यालो, एका ग्लासाला तीन-चार फळं लागतात, तर १६० पार.

आणि इथं एक गोम आहे. सुक्रोज म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज. सेन्सरला दिसतं ते ग्लुकोज. फ्रुक्टोज सरळ लिव्हरकडं जातं, जास्त झालं की त्याची चरबी होऊ लागते, आणि मोबाईलवर त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून फ्रुक्टोजचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर शुगर किती चढते याचा आकडा) फार कमी दिसतो आणि काही कंपन्या त्यावर 'डायबेटिक फ्रेंडली' लिहून मिठाई विकतात. सपाट रेषा म्हणजे चांगलं खाणं असं धरलं तर पावशेर शेंगदाणे तेलात तळून खाल्ले तरी रेषा सपाटच राहणार आहे की! शेंगदाण्यात ४० टक्के तेल, आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, कार्ब्सच्या ४. दुसऱ्या आठवड्यात मी आकड्याकडं बघणं निम्म्यावर आणलं ते यामुळंच, नाहीतर माणूस जेवत नाही, परीक्षा देतो.

ग्लायसेमिक इंडेक्सबद्दलही थोडं. १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. ज्यात ५० ग्रॅम पचणारे कार्ब्स आहेत एवढा पदार्थ उपाशीपोटी नुसता खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर मोजायची, आणि शुद्ध ग्लुकोजचे १०० धरून तुलना करायची. पद्धत चोख आहे. पण नुसती कोरडी भाकरी, ना भाजी ना चटणी, उपाशीपोटी कोण खातं? शेंगाची चटणी आली की तेल आणि प्रथिनं आली, पोट हळू रिकामं झालं, आकडा बदलला. मी एकदा आधी कांदा-काकडी आणि मटकीची उसळ संपवली आणि मग भाकरीला हात लावला, ताट तेच, क्रम तेवढा बदलला, तरी पंधराएक पॉइंटचा फरक. बायकोला हे अजून पटत नाही, ती म्हणते असं जेवायला आपण काय हॉटेलात बसलोय का.

बायकोचंच पुढं ऐका. एका दुपारी आम्ही दोघांनी एकाच परातीतल्या दोन-दोन भाकऱ्या, तीच भाजी, एका वेळी खाल्ली, आणि तासाभरानं दोघांनी बोट टोचून बघितलं. मी १५६, ती ११८. वजन आमचं जवळपास सारखं (हे तिला दाखवू नका). इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटनं २०१५ मध्ये ८०० लोकांना सेन्सर लावून हेच दाखवलं होतं, एकाच पदार्थाला वेगवेगळ्या माणसांची शुगर अगदी वेगवेगळी वागते, आणि त्यात आतड्यातल्या बॅक्टेरियांचाही वाटा असतो. मग ती झेरॉक्स नेमकी कुणासाठी छापलीय?

गव्हाचं पण सांगून टाकतो कारण सगळे विचारतात. हैदराबादच्या एनआयएननं (राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ मध्ये भारतीय पदार्थांचे तक्ते काढले त्यात बघितलं तर १०० ग्रॅम ज्वारीत फायबर साधारण १० ग्रॅम, आणि गव्हाच्या कणकेत ११. म्हणजे चोकर न काढलेल्या कणकेत ज्वारीपेक्षा कांकणभर जास्तच! तांदळात तीनच्याही खाली, तिथं फरक खरा आहे. पण चपाती सोडून भाकरी धरली म्हणजे जग जिंकलं असं काही नाही.

आणि हे माझं एकट्याचं नाही. आयसीएमआरचा (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब नावाचा मोठा सर्व्हे आहे, त्यांनीच २०२३ मध्ये सांगितलं की देशात १० कोटींवर डायबेटिसवाले आणि साडेतेरा कोटींच्या वर माझ्यासारखे उंबरठ्यावरचे. २०२५ मध्ये त्यांचाच जेवणावरचा अभ्यास आला, त्यात आपल्या रोजच्या कॅलरीतल्या ६२ टक्के कार्ब्समधनं येतात असं निघालं, आणि पांढऱ्या भाताऐवजी गहू किंवा मिलेटचं दळलेलं पीठ खाल्लं, पण कार्ब्सचा एकूण वाटा तोच ठेवला, तर धोका कमी झालेला दिसला नाही. थोडे कार्ब्स कमी करून तिथं डाळी, दूध-दही असलं प्रथिन आणलं तिथं फरक दिसला. हे वाचून मी ती बातमी मामांना फॉरवर्ड केली नाही, ते ज्वारी पिकवतात, २०२३ च्या मिलेट वर्षात मंगळवेढ्याच्या मालदांडीचं एवढं कौतुक झालं होतं, उगंच कशाला. कीटोवाल्या ज्युनिअरला मात्र एनआयएनचा आकडा पाठवला, दिवसाला किमान १३० ग्रॅम कार्ब्स लागतात म्हणून, एकट्या मेंदूलाच दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. त्याचा रिप्लाय आला, सर शरीर प्रथिनातनं ग्लुकोज बनवतं. तेही खरंय, लिव्हर बनवतं. मग मी वाद सोडला.

सध्या घरी असं चाललंय. भाकरी दोनाची दीड, उसळ वाटीची दीड वाटी, आठवड्यातनं दोनदा कण्या. गिरणीवाल्याला ज्वारी जाड भरडून दे म्हणलं तर तो विचारतो जनावराला का? चहात साखर अर्धा चमचा, त्याच्या खाली मी जात नाही, जीव रमत नाही. जेवण झालं की कॉलनीत चक्कर, उन्हाळ्यात दुपारी ४३-४४ डिग्रीत ते काही जमणार नाही, तेव्हा घरातच येरझाऱ्या घालाव्या लागतील. पुढचा एचबीए१सी एप्रिलमध्ये आहे, तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो त्यामुळं त्याआधी करण्यात अर्थ नाही.

मित्रानं मागच्या आठवड्यात स्वतःच सेन्सर लावून घेतला. त्याचा आकडा भातानं कमी आणि सकाळच्या इडलीनं जास्त चढतो, आणि तो मला रोज दुपारी डबा उघडायच्या आधी मोबाईल दाखवतो, "बघ बे, भात निर्दोष." इडली पण तांदळाचीच आहे हे मी त्याला सांगितलंय. त्याचं म्हणणं, तिच्यात उडीद आहे, गुन्हा उडदाचा.